खालून ऐकलेली लाट

"हात पुढं करा," काउंटरवरची मुलगी म्हणाली, आणि मावशींनी दोन्ही हात पुढे केले.

"एकच."

मुलीने त्यांच्या डाव्या मनगटावर राखाडी प्लास्टिकचा पट्टा गुंडाळला, टोक खाचेतून ओढून घट्ट केले आणि उरलेला तुकडा कात्रीने कापून टाकला. मावशींच्या मागे त्यांचे यजमान, लेक, जावई आणि आठ वर्षांची नात उभी होती. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी स्थिर उभी राहिल्याचे अजून कोणी पाहिले नव्हते. आताही ती एका पायावर गरगर फिरत शेजारच्या रांगेतली मनगटे बघत होती.

"आजी, त्यांचा पट्टा निळा का?"

उत्तर काउंटरवरून आले. "ते तिकीट काढून आलेत. राखाडी म्हणजे सौजन्य पास. पाच वाजेपर्यंत लाटांच्या तलावात जायचं नाही. आरामखुर्च्या वापरायच्या नाहीत. मोठ्या घसरगुंडीवर निळ्यांची रांग संपली की मग. सगळं मागं छापलंय."

"कशाच्या मागं?" जावयाने विचारले.

"पट्ट्याच्या."

जावई सलूनमध्ये केस कापायचा आणि गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय खुर्चीवरून उठू द्यायचा नाही. त्याने मनगट उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे नियम वाचायचे तर आधी हात कापायला हवा." कोणी हसले नाही.

लेक औषधाच्या दुकानात काम करायची. बारीक अक्षर वाचणे हा तिचा रोजचा उद्योग. तिने आईच्या पिशवीतून कंपनीचे पत्र काढले आणि काउंटरवर पसरले. "हे बघा. 'वीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून आपणांस सहकुटुंब एक दिवस, सर्व सुविधांसह.' सर्व, असं लिहिलंय."

"सर्व म्हणजे या पासवर ज्या आहेत त्या सर्व."

"आणि लाटांचा तलाव?"

"सकाळी अकराच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर."

"आम्ही दहा वाजताच आलो होतो! तुमच्याच माणसानं तासभर बाहेर थंडीत उभं केलं आम्हाला."

"सौजन्य पासला प्रवेश अकरापासून असतो, ताई."

मुलीने हे आवाज न बदलता, एखाद्या बसस्टॉपचे नाव सांगावे तसे सांगितले. अकरापर्यंत आत यायचे नाही आणि अकरानंतर तिथे जायचे नाही. लेकीचे कान लाल झाले. ती पुढे बोलणार तेवढ्यात यजमानांनी तिच्या दंडाला हात लावला. तीस वर्षे बस चालवून त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते आणि रांगेत उभे राहून ते आता टेकायला जागा शोधत होते.

"असू दे," ते म्हणाले. "पाचनंतर तर पाचनंतर. पाणी कुठं पळून जातंय?"

तोवर दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवीतला डबा काढून बाजूला ठेवला होता. पावाचे तुकडे आणि उकडलेली अंडी. बाहेरचे अन्न आत चालत नव्हते.

मावशींचे लक्ष मनगटाकडे होते. पट्टा टोचत होता आणि त्या तो बोटाने सैल करायला बघत होत्या. तो सैल होणारा नव्हता.

या इमारतीत मावशी वीस वर्षे येत होत्या, पण मागच्या गल्लीतून. तिथे एक लोखंडी दार होते आणि दारातून जिना थेट तळघरात उतरत होता. तळघरात धुलाई. आठ बाया, धुण्याची चार यंत्रे, वाळवण्याची तीन, आणि वरचे टॉवेल खाली येण्यासाठी भिंतीत बसवलेली पत्र्याची नळी. दिवसाला अडीच हजार टॉवेल, सुट्टीच्या दिवसांत चार हजार. वरच्या पाण्याशी त्यांची ओळख होती ती टॉवेलांच्या वजनातून. कोरडा टॉवेल कुठलेही पोर उचलेल. ओल्या टॉवेलांचा गठ्ठा मनगट मोडतो. सुपरवायझरला सगळे आकडे तोंडपाठ होते. बायांची मनगटे त्या आकड्यांत धरलेली नव्हती.

तळघराला खिडकी नव्हती. भिंतीवरचे घड्याळ वाफेने बंद पडे आणि कोणी त्याच्याकडे बघतही नसे, कारण लाटांचा तलाव बरोबर डोक्यावर होता. दर पंचवीस मिनिटांनी वर घंटा वाजे. मग सात मिनिटे छत घुमत राही, दिव्याच्या नळ्या थरथरत, कपाटांना लावलेली कुलपे खुळखुळत. धुलाईत वेळ लाटांनी मोजत. जेवणाची सुट्टी एक लाट. यंत्राचा एक फेरा दोन लाटा. एखादी शौचालयात रमली की दुसरी ओरडे, "अगं, लाट होऊन गेली! आत राहायला गेलीस का?"

आणि ही लाट आठांपैकी एकीनेही पाहिलेली नव्हती. वर पाऊल ठेवायचे तर लेखी परवानगी लागे, आणि लाट बघायची आहे या कारणासाठी कोण परवानगी मागणार? एक म्हणायची, दुमजली असणार. दुसरी म्हणायची, दुमजली असती तर अंग पुसायला माणसं उरली असती का? मावशींचा अंदाज असा की डोक्यावरून आरामात जात असेल. त्याशिवाय एवढा आवाज कसा होईल?

पत्र आले तेव्हा मावशींनी एकच गोष्ट मनात धरली. घसरगुंड्या पोरांनी कराव्यात. आपण लाटेत उभे राहायचे. भिंगरीचा हात धरून.

"पडलीस तर?" भिंगरीने विचारले होते.

"तू धरशील की."

"आणि मीच पडले तर?"

"मग दोघी पडू. पण एकदा तिच्यात उभं राहायचं."

आत शिरताच दमट उष्ण हवा तोंडावर आली. वर काचेचे छत, काचेवर बाहेरच्या थंडीचे दव, खाली प्लास्टिकची झाडे. सव्वाअकराला घंटा वाजली. मावशींचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, यंत्राची कडी चाचपायला. तिथे कडी नव्हती. जावयाची पाठ होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही. सवय."

लाटांचा तलाव एका खोट्या खडकाच्या पलीकडे होता आणि खडकाच्या अलीकडे दोरी बांधलेली होती. दोरीपाशी उभे राहिले की पळत जाणाऱ्यांच्या पाठी दिसत आणि किंकाळ्या ऐकू येत. पाणी दिसत नसे. मावशी सातही मिनिटे तिथे उभ्या राहिल्या. त्यांना एवढेच जाणवले की खालच्या मानाने वर आवाज बराच कमी होता.

दुपार सरली ती बऱ्यापैकी बरी सरली, हेही सांगायला हवे. भिंगरी लहान घसरगुंडीवरून एकवीस वेळा आली. जावई तिच्यामागून येताना मध्येच अडकला आणि वरून आलेल्या एका जाड गृहस्थाने त्याला ढकलत खाली आणले, तेवढ्यात तो त्यांना म्हणाला, "साहेब, ओळख झालीच आहे, तर कधी केस कापायला या." लेक हसता हसता खोकली. यजमान एका सिमेंटच्या कठड्यावर पिशव्या सांभाळत बसले. त्यांच्यासमोर आरामखुर्च्यांची ओळ होती. एकोणीस खुर्च्या, त्यांतल्या अकरा रिकाम्या. लेकीने त्या दोनदा मोजल्या.

"बाबा, बसा तिथं. कोणी आलं तर उठा."

"असू दे गं. कठडा गार आहे, गुडघ्याला बरं वाटतं."

अडीचच्या सुमारास मावशींच्या हातून ते झाले. संथ वाहणाऱ्या पाण्याच्या कडेने त्या नातीसोबत चालल्या होत्या. वाटेत तीन ओले टॉवेल पडले होते. ओला टॉवेल जमिनीवर तासभर पडला की आंबतो आणि मग दोनदा धुतला तरी वास जात नाही. हे मावशींना जेवढे ठाऊक होते तेवढे त्या इमारतीत कोणालाच नव्हते. त्यांनी वाकून तिन्ही उचलले. एकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा रफू होता. तो त्यांनीच केलेला. त्यांनी टॉवेल पिळून हातावर टाकले आणि पुढे चालू लागल्या. यात आपण काही केले असे त्यांना वाटलेही नाही.

"हे पण घ्या," कोणीतरी म्हणाले.

आरामखुर्चीवरच्या माणसाने आपला टॉवेल त्यांच्या हातावर टाकला होता. त्याची नजर फोनवर होती. "आणि तिकडं टेबलाखाली दोन पडलेत. येताना चार कोरडे आणा. गेल्या वेळी ओलसर होते."

"मी—" मावशी म्हणाल्या.

त्याने वर पाहिले. आधी अंगावरचा पोहण्याचा निळा पोशाख, मग मनगट. "हां, स्टाफच आहात ना," तो म्हणाला. शंका फिटली तसा तो परत फोनकडे वळला.

भिंगरी एका जागी उभी राहिली होती. "आजी, आज तुझी सुट्टी नाही का?"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्ट्याचा रंग राखाडी का, हे त्यांना त्या क्षणी कळले. नियम पाठीमागे छापलेले होते, पण पट्टा त्या नियमांसाठी नव्हताच. पाहुण्यांमध्ये पाहुणा नसलेला माणूस चटकन ओळखू यावा यासाठी तो होता. टॉवेल त्या माणसाच्या पायांवर फेकावेत असे त्यांना वाटले. पण टॉवेल त्यांना फेकता येत नव्हते. त्या पुढे गेल्या, भिंतीतल्या नळीचे झाकण उघडले आणि एकेक टॉवेल आत सोडला. खाली कोणीतरी ते उचलणार होते, हे त्यांना माहीत होते. त्या माणसाच्या टेबलाखालचे दोन मात्र तिथेच राहू दिले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ओला टॉवेल जमिनीवर सोडला होता.

"आई, तू त्याला काही बोलली का नाहीस?" लेकीला कळल्यावर ती कडाडली. "दाखव मला कोण होता तो."

"बोलून काय होणार?"

"काही नाही होणार! पण बोलायचं!"

"पाच वाजू दे," मावशी म्हणाल्या. "मला फक्त ती लाट बघायची आहे. मग बोल कोणाला बोलायचं ते."

पाच वाजून पाच मिनिटांची एक आणि साडेपाचची शेवटची, अशा दोन लाटा त्यांच्या वाट्याला उरल्या होत्या. पावणेपाचला सगळे दोरीपाशी येऊन उभे राहिले. तेवढ्यात प्रसिद्धी विभागातली एक तरुण बाई हातात कागद लावलेली फळी घेऊन घाईघाईने आली.

"मावशी! किती शोधलं तुम्हाला. फोटो राहिलाय ना! वीस वर्षांचा."

"काढा की," मावशी म्हणाल्या. "आहोतच आम्ही इथं."

"असा नाही हो. गणवेशात. हातात टॉवेलची चळत, मागं लाट, मागंच तुमची फॅमिली. व्यवस्थापक साहेब स्वतः येणार आहेत. पटकन खाली जाऊन गणवेश घालून या."

"तिच्या सुट्टीच्या दिवशी?" लेकीने विचारले.

"दहा मिनिटांचं काम आहे, ताई."

"ती आज इथं पाहुणी म्हणून आलीय."

"अर्थातच! तेच तर दाखवायचंय आपल्याला," प्रसिद्धीवाली मनापासून म्हणाली.

यजमान म्हणाले, "असू दे. जाऊन ये पटकन. पाच पाचच्या आधी येशील."

मावशी मागच्या जिन्याने उतरल्या. कपाटातला फिक्या पिवळ्या सुती कापडाचा गणवेश त्यांनी पोहण्याच्या पोशाखावरच चढवला. बटणे लावत होत्या तोच सुपरवायझर समोर उभा राहिला.

"बरं झालं आलात. तीन नंबरचं दार अडकलंय. तासभर झाला. आत दीडशे टॉवेल आहेत."

"साहेब, आज मी सुट्टीवर आहे."

"मग गणवेश कशाला घातलाय?"

मावशींनी शेवटचे बटण लावले. सुपरवायझरच्या मागे नवी उभी होती. महिन्यापूर्वी कामाला लागलेली, अजून नाव कोणाच्या तोंडी न बसलेली. तिचे डोळे सुजले होते. "मावशी, माझ्या हातून झालं. मी कडी उलटी फिरवली. हे म्हणतात, यंत्र मोडलं तर तुझ्या नावावर लिहीन."

तीन नंबरची कडी उलटी फिरली की दार आतून धरून ठेवते. ते सोडवायची रीत कोणत्याही पुस्तकात नव्हती. खालच्या बिजागरीवर कमरेने एक धक्का, लगेच कडी अर्धी डावीकडे, आणि दुसरा धक्का वर, खांद्याने. मध्ये दम घेतला की पुन्हा पहिल्यापासून. सुपरवायझर बाजूला सरकला. मावशींनी कंबर लावली. पहिल्यांदा दार हलले नाही.

तेवढ्यात वर घंटा वाजली.

छत घुमू लागले. दिवे थरथरले. मावशी दाराला खांदा लावून तशाच थांबल्या आणि वर बघू लागल्या, जणू छतातून काही दिसणार होते. पाच पाचची लाट. आज त्यांच्या नावावर असलेली लाट, आणि ती त्या खालूनच ऐकत होत्या.

"मावशी?" नवी हलकेच म्हणाली.

दुसऱ्या खेपेला दार उघडले. गरम वाफ बाहेर आली. सुपरवायझरने आत डोकावून पाहिले. "तुम्हाला जमतं ते या पोरींना शिकवत का नाही?" असे म्हणून तो निघून गेला. मावशींनी नवीचा हात धरून तिच्या कमरेची जागा बिजागरीवर दाखवली. "इथं. जोर हातात नको, इथं आण." मग टॉवेलांची चळत घेऊन जिना चढू लागल्या. वीस टॉवेल, तिहेरी घडी, कंपनीचे चिन्ह वर.

दोरीपाशी व्यवस्थापक साहेब घड्याळ बघत होते. मोठा माणूस, गुळगुळीत दाढी, बुटांवर प्लास्टिकची वेष्टने. "या, या, मावशी! तुम्ही म्हणजे या घराचा पाया!" त्यांनी मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि दमट लागला म्हणून काढून घेतला.

लेकीने आईकडे पाहिले. आईच्या कपाळावरचा घाम पाहिला. तिला सांगावे लागले नाही. "खाली काम करून घेतलं ना तुझ्याकडून?" ती साहेबांकडे वळली. "साहेब, माझ्या आईला आज तुम्ही बोलावलंय. पत्र पाठवून. तुमच्या सहीचं पत्र आहे हे."

"सही माझीच असते," साहेब प्रसन्नपणे म्हणाले. "चला, लाट सुरू व्हायच्या आत उभे राहा."

सगळ्यांना खडकाच्या पलीकडे नेले. मावशींना पाण्याच्या काठावर उभे केले, हातात चळत, तोंड कॅमेऱ्याकडे. मागे यजमान, लेक, जावई, भिंगरी. साडेपाचला घंटा वाजली. मावशींच्या पाठीमागे शंभर लोक एकदम ओरडले. पाण्याने मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. त्या वळल्या.

"मागं बघू नका मावशी, इकडं! इकडं बघा!"

क्लिक झाले.

"जरा हसा. थकल्यासारख्या दिसताय."

क्लिक. लाट येऊन फुटली. मावशींच्या टाचांना पाणी लागले.

"टॉवेल थोडे वर. चिन्ह दिसू दे. बाबा, तुम्ही जरा बाहेर व्हा, फ्रेम भरतेय."

यजमान बाजूला झाले. दुसरी लाट फुटली. तिसरी. मावशी मनात मोजत होत्या. सात मिनिटांतली तीन गेली होती. भिंगरीने मागून त्यांचा गणवेश ओढला. "आजी, संपेल ना गं."

"शेवटचा एक. साहेबांबरोबर. साहेब, जवळ या."

साहेब जवळ आले. चौथे मिनिट संपत होते. मावशींनी नवऱ्याकडे पाहिले. तो चौकटीच्या बाहेर, कठड्याला धरून उभा होता. सकाळपासून जे दोन शब्द तो बोलत आला होता, ते आता त्याच्या ओठांवर आले असतील असे त्यांना वाटले.

"जा गं," तो म्हणाला. "जा तू."

मावशी साहेबांकडे वळल्या. "हे धरा जरा," त्या म्हणाल्या आणि वीस टॉवेलांची चळत त्यांच्या हातांत दिली. साहेबांनी ती घेतली, कारण समोर आलेली वस्तू माणूस घेतो. मग मावशींनी भिंगरीचा हात धरला आणि पाण्याकडे तोंड केले.

उंच खुर्चीवरच्या लाइफगार्डने शिट्टी फुंकली. सुती कपड्यांत पाण्यात उतरायचे नाही, असा नियम होता आणि शिट्टी वाजवणे हे त्याचे काम होते. ते त्याने केले. मावशींना त्याचा राग आला नाही. त्या थांबल्याही नाहीत. पाणी घोट्यांपर्यंत आले, पोटऱ्यांपर्यंत, गुडघ्यांपर्यंत. गणवेश जड झाला. किती जड होणार हे त्यांना नेमके माहीत होते. मागे प्रसिद्धीवाली "मावशी, मावशी!" करत होती आणि तिच्या आवाजावर लेकीचा आवाज चढला होता: "आईला हात लावायचा नाही. पाच वाजून गेलेत. पट्टा बघा, पट्टा!"

लाट आली.

पलीकडच्या भिंतीपासून ती हिरवट फुगवट्यासारखी निघाली आणि मावशींनी पाय रोवले. डोळे मिटायचे नाहीत असे ठरवले. भिंगरीने दोन्ही हातांनी त्यांचा हात आवळला. फुगवटा जवळ आला, त्यांच्या कमरेला टेकला, किंचित उचलल्यासारखे केले आणि मागे निघून गेला.

भिंगरीच्या तर छातीपर्यंत आली होती. ती खिदळत ओरडली, "आजी! उभ्या राहिलो! आपण उभ्या राहिलो!"

"हो," मावशी म्हणाल्या.

त्या पुढच्या लाटेची वाट बघत राहिल्या. ती मोठी असेल. तीही कमरेपर्यंतच आली. मग तिच्या मागची. तीही. मग घंटा वाजली आणि पाणी हळूहळू सपाट झाले. काठावर साहेब टॉवेल हातांत घेऊन अजून उभे होते. ते कोणाला द्यावेत हे त्यांना कळत नव्हते.

सोमवारी सकाळी मावशींच्या कपाटाच्या दारावर एक पत्र चिकटवलेले होते. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. एक, कंपनीचा गणवेश पाहुण्यांच्या पाण्यात नेण्याचे कारण काय. दोन, व्यवस्थापकांच्या हाती टॉवेल देण्याचे कारण काय. खाली तीच सही होती.

मावशींनी पत्राचे सांगताच लेक फोनवर म्हणाली होती, "मी लिहिते, आई. चार पानं लिहिते. अकराची भानगड, खुर्च्या, तो टॉवेलवाला, तुला खाली राबवलं ते. एक गोष्ट सोडत नाही बघ."

"लिही," मावशी म्हणाल्या होत्या. "तुझं तू पाठव. माझं मी लिहिते."

त्यांनी जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून लिहिले. पहिल्या प्रश्नापुढे: "आपल्या पत्रात सर्व सुविधा असे होते." दुसऱ्यापुढे: "टॉवेल ओले होऊ नयेत म्हणून." सही केली, घडी घातली आणि खिशात ठेवला.

बाया भोवती जमल्या होत्या. सकाळपासून त्या धीर धरून होत्या. नवीला मात्र धीर धरवेना. "मावशी, आता तरी सांगा. पाहिलीत ना?"

उत्तर द्यायच्या आधीच वर घंटा वाजली. छत घुमू लागले, दिवे थरथरले, कुलपे खुळखुळली. आठही जणींनी सवयीने वर पाहिले.

"केवढी असते हो?" नवीने विचारले.

मावशींनी हात कमरेशी नेला आणि तिथेच धरला. "एवढी."

 छत घुमत होते. एकीने वर पाहिले, मग मावशींच्या हाताकडे, मग पुन्हा वर.

"एवढीच?"

"एवढीच. मी मध्ये उभी होते."

तीन नंबरचा फेरा संपून दिवा लागला, पण दार पुन्हा अडकले होते. नवी पुढे झाली, तिने बिजागरीला कंबर लावली, कडी अर्धी डावीकडे फिरवली, दम न घेता खांदा दिला, आणि दार उघडले. वरच टॉवेलांत गुंडाळला गेलेला मावशींचा तो फिका पिवळा गणवेश होता. मावशींनी तो सोडवून घेतला, झटकला, बटणांच्या बाजूने पिळला आणि दोरीवर टाकला. सात मिनिटे संपून छत शांत झाले, पण वर कोणी पाहिले नाही.